संत निकोलासा, ही बोट नव्हे

९ जुलै

लिहायला बसले खरी, पण सुरुवात कशी करतात ते मला कुठे माहीत. शाळेत मी तिसरीपर्यंत, पुढे गोणपाटाच्या कारखान्यात. ही वही दानाईने, म्हणजे माझ्या नातीने, ईस्टरला आणून दिली होती. म्हणाली, आजी, मनात येईल ते लिही. मी तिच्यात दोन पाककृती लिहिल्या आणि ठेवून दिली. वहीवर मांजराचं चित्र आहे आणि मांजराचे डोळे निळे. निळ्या डोळ्यांची दृष्ट फार वाईट, म्हणून मी त्याच्या कपाळावर दृष्ट घालवणारा निळा मणी चिकटवून टाकला. आता बघ म्हटलं मेल्या किती बघतोस ते.

आज वही काढली, कारण मला एक गोष्ट सांगायची आहे आणि माणसांना सांगायची सोय नाही. ठरलेली गोष्ट आधी बोलून दाखवली की तिला दृष्ट लागते. शेजारच्या एव्दोक्सियाने स्वयंपाकघरात नव्या फरश्या येणार म्हणून गल्लीभर सांगितलं, आणि फरश्यांचा टेम्पो आमच्याच चौकात उलटला. म्हणून तुला सांगते, वही. मी बेटावर चालले आहे. सहलीला. थू थू थू.

सिफनोस बेट, चार दिवस, मी आणि दानाई. समुद्रात डुंबायचं, देवळं बघायची, कोणी वाढेल ते खायचं. लग्न झाल्यापासून मी द्रापेत्सोनात राहते, गॅलरीतून पिरेयसचं अख्खं बंदर दिसतं, कुठली बोट कुठे निघाली ते मी भोंग्यावरून सांगते. पण बोटीत बसले एकदाच. माझी लेक वासो लहानपणी फार आजारी पडली तेव्हा नवस फेडायला तीनोसला. जाताना ती ओकली, येताना मी. माझा नवरा अरिस्तीदिस जन्मभर गोदीत माल चढवायचा. तो म्हणायचा, बोट दुसऱ्यांची, आपल्या वाट्याला तिचा धूर. असा माणूस. देव त्याला सुखात ठेवो, पण कधी सहलीला नाही नेलं.

सहल का, तेही लिहिते. सप्टेंबरात दानाई हॉलंडला चालली. रॉटरडॅमला. ती बोटींचे नकाशे काढते आणि तिथे तिला मोठी नोकरी लागली आहे. जाण्याआधी आपण दोघीच कुठेतरी जाऊ, असं तिनेच काढलं. तिची आई, माझी वासो, अशीच श्टुटगार्टला गेली. सुरुवातीला दर ऑगस्टला यायची, आता फोनमध्ये दिसते. दानाई कॉलेजसाठी माझ्याकडे आली ती राहिली. हॉलंडचं कळलं तेव्हा मी म्हटलं, जा बाळा, मी बंदरावर नाचेन.

तुला खरं सांगते. नाचणार नाही.

११ जुलै

आज दानाईने कागदावर बेट काढलं. इथे बंदर, इथे आपली खोली, इथे वाळू, इथे खडकावरचं मरियममातेचं देऊळ, इथे वर कास्त्रो, म्हणजे जुनं गाव. मी विचारलं, पायऱ्या किती? म्हणाली, तुझ्यासाठी मागच्या बाजूने रस्ता आहे, गाडी पार देवळापाशी जाते. म्हटलं, वाळूवर सावली? म्हणाली, झाऊची झाडं आहेत, पण पहिल्या तीन झाडांखाली बसायचं नाही, तिथे दुपारी खानावळीचा धूर येतो.

"तू गेली होतीस का गं कधी?"

"नाही. इंटरनेटवर असतं सगळं."

खानावळीचा धूरसुद्धा असतो म्हणे. मोठी सोय झाली आहे हल्ली माणसांची.

हुशार पोर आहे. फक्त नखं घाण असतात. नकाशे काढणाऱ्या मुलीच्या नखात माती कुठून येते देव जाणे. ती म्हणते रंग आहे. दर शनिवार-रविवार ट्रेनिंगला जाते, तिथलाच रंग असणार. जूनमध्ये ट्रेनिंगहून आली ती नाक सोललेलं, आणि माझ्यासाठी एक मातीचं भांडं घेऊन. भांडं वाकडं आहे, झाकण बसत नाही. फसवलं कोणीतरी. मी काही बोलले नाही, त्यात लसूण ठेवते.

१४ जुलै

आज मी स्वतः बुकिंगवाल्याशी बोलले. दानाई आंघोळीला गेली होती, तिचा फोन वाजला. नाव आलं सिमोस.

"बाळ, उठलीस का?" पलीकडून आवाज.

म्हटलं, "बाळ सत्तरी ओलांडून गेलं. कोण बोलतंय?"

मग म्हणाला, "मी... सिफनोसहून बोलतोय. खोलीचं."

"हां, बुकिंगवाला. बरा सापडलास. खोली समुद्राकडे आहे ना? ओटा आहे? गादी मऊ असेल तर मला चालत नाही, पाठ धरते."

"फळी घालून देईन, बाई."

"आणि भाडं जरा कमी कर."

"करतो."

मेला लगेच करतो म्हणाला. असा धंदा करतात का कोणी? मला त्याची काळजीच वाटली. म्हटलं, "अरे, थोडं तरी ताणून धरायचंस. घरी कोण कोण आहे तुझ्या?" म्हणाला, आईवडील, मातीच्या भांड्यांचं दुकान आणि भट्टी आहे. म्हणजे खोल्यांचं काम वरचं असणार, उन्हाळ्यापुरतं. लग्न? नाही. आवाज चांगला होता, जड, सावकाश. मी दानाईबद्दल सांगितलं. नोकरी चांगली, मन सोन्यासारखं, पण घोरते, आणि मसूर तीनदा लावले तर तीनदा करपवते. म्हणाला, "चारदा." मग म्हणाला, "म्हणजे, चारदाही होऊ शकतं, असं म्हणतोय."

विनोदी आहे. इतक्या लांब राहतो हेच वाईट, नाहीतर मी दोघांची गाठ घालून दिली असती. पण आता मी त्या भानगडीत पडत नाही. दोन वर्षांपूर्वी दंतवैद्याचा मुलगा घरी कॉफीला आला होता. मी फक्त त्याला चादरी दाखवल्या, दानाईच्या लग्नासाठी भरतकाम केलेल्या, आणि एव्दोक्सियाला बोलावलं, आणि पाद्रीबाबा सहज खालून चालले होते त्यांनाही वर बोलावलं. तो मुलगा पुन्हा दिसला नाही. भित्रा होता. तेव्हापासून दानाई मला कोणाबद्दल काही सांगत नाही. नसेलच कोणी.

१६ जुलै

टोपी घेतली. गवताची, रुंद काठाची. घरात घालून बसले.

२० जुलै

आज संत एलियासचा दिवस, म्हणजे त्या नावाच्या सगळ्यांचा सण. आमचा पाववाला एलियास, सकाळपासून त्याच्याकडे रीघ. मीही गेले, उदंड वर्षं लाभोत म्हटलं, बदामाची वडी खाल्ली, पाणी प्यायले आणि येता येता जिन्यात मटकन बसले.

सहा ऑगस्ट. माझ्या नावाचा दिवस. सोतिरिया नावाच्या बायकांनी सहा ऑगस्टला दार उघडं ठेवून बसायचं असतं. आमंत्रण कोणी देत नाही, ज्याला यायचं तो येतो, त्याच्यापुढे मुरांबा आणि थंड पाणी ठेवायचं. आणि आपण चार ते आठ सिफनोसला. नावाच्या दिवशी बंद दार म्हणजे घरात सुतक. अरिस्तीदिस गेला त्या वर्षीच काय ते बंद होतं. आता लोक मिठाईचे डबे घेऊन तीन मजले चढणार, दार वाजवणार, आणि उतरताना छातीवर क्रूस काढत उतरणार. संध्याकाळपर्यंत मी गल्लीत मेलेली.

आणि आधी सांगावं तर सहलीला दृष्ट.

तारीख ठरली तेव्हा मला कसं सुचलं नाही? आणि दानाईला? ती तर माझा दिवस कधी विसरत नाही.

२१ जुलै

सिमोसला फोन केला. म्हटलं, बाळा, आपण आठवडाभर पुढे ढकलू.

"नाही आजी," तो एकदम म्हणाला. आता आजी म्हणतो. "सहा तारीख हलवता येणार नाही."

"का?"

"खोली... मग खोली नाही."

"मग अलीकडे आण. एक ते चार."

"सहालाच आहे सगळं."

"सगळं म्हणजे काय?"

"हवा, आजी. हवा चांगली असते त्या दिवशी."

हवेचं बुकिंग करतो मेला.

दानाईला सांगितलं तर ती म्हणाली, "तिथल्या खोलीलाही दार आहे ना? तिथे उघडं ठेवू."

"तिथे कोण कुत्रं येणार आहे मला शुभेच्छा द्यायला?"

"येईल कोणीतरी," ती म्हणाली आणि कांदा चिरायला लागली. कांदा मी कधीच चिरून ठेवला होता. तिने पुन्हा चिरला.

२४ जुलै

एव्दोक्सियाला सांगितलं. इलाज नव्हता. आधी तिला तीनदा थुंकायला लावलं, मग सांगितलं.

ती रागावली. "म्हणजे महिनाभर तू माझ्याबरोबर कॉफी पीत होतीस आणि पोटात बेट घेऊन बसली होतीस?"

"तुझ्या फरश्यांचं काय झालं?"

तिला पटलं. मग मी तिला किल्ली दिली. सहा तारखेला ती माझ्या घरात माझ्या खुर्चीवर बसणार, दार उघडं ठेवणार, आणि येईल त्याला माझ्या बरणीतला मुरांबा देणार. यजमानीण नाही पण सण आहे, असं द्रापेत्सोनात कधी कोणी केलं नसेल. एव्दोक्सिया म्हणाली, "आणि कोणी विचारलं कुठे गेली तर?" म्हटलं, तेव्हा आम्ही पोचलेल्या असू, मग सांग खुशाल. ती म्हणाली, समुद्रात रोज डुंबायचं, आणि एकूण वेळा विषम यायला हव्यात, नाहीतर गुडघ्याला उपयोग नाही. ती दर उन्हाळ्यात बस धरून जाते आणि गळाभर पाण्यात उभी राहून बायकांशी भांडून येते. गुडघे तसेच आहेत.

२७ जुलै

आज मी एक काम केलं, ते फक्त तुला सांगते.

देवळाजवळच्या दुकानात पत्र्याचे नवस मिळतात ना, पाय दुखत असेल तर पाय, डोळा तर डोळा, मूल हवं तर मूल. मी विमान मागितलं. दानाई विमानाने जाणार. दुकानदार म्हणाला, विमान येत नाही, बोट आहे. म्हटलं दे. बोट संत निकोलासापुढे, खलाशांच्या कैवाऱ्यापुढे, टांगली. पाद्रीबाबांनी विचारलं, नात सुखरूप पोचावी म्हणून का? मी हो म्हटलं. संताला मी जे सांगितलं ते वेगळं होतं. त्याला म्हटलं, जमलं तर ही बोट सोडू नकोस. जमलं तर हं. दानाईएवढ्या उंचीची मेणबत्ती लावीन.

संध्याकाळी गॅलरीत बसलो होतो. दानाई म्हणाली, "आजी, समजा मी गेलेच नाही तर तुला वाईट वाटेल?"

असं विचारते ती. मला कळतं, पोरीचा पाय निघत नाही माझ्यामुळे. म्हातारीपायी अडकून तिने का राहावं? मी छान मोठ्याने हसले. म्हटलं, "वाईट? सगळ्या गल्लीला सांगून बसले आहे मी. ट्यूलिप बघायला येणार आहे मी तिकडे. न जाऊन सांगतेस कोणाला."

"इतकी खूश आहेस?"

"इतकी."

समोरून सीरोसची बोट निघाली, मी भोंग्यावरून सांगितलं तिला, ती बघत राहिली. मला वाटतं माझं नाटक बरं जमलं.

१ ऑगस्ट

उपास सुरू. मरियममातेच्या सणापर्यंत मांस नाही, दूध नाही, चीज नाही. फक्त माझ्या दिवशी मासा चालतो, तेवढा देवाने माझा मान ठेवला आहे.

बॅग भरली. आंबट चेरीचा मुरांबा दोन बरण्या, घरचा लिकर, पेले, छोटे चमचे, आणि तबक. दानाई म्हणाली, आजी, चार दिवसांसाठी तबक? म्हटलं, दार उघडं ठेवायचं तर माशी आली तरी तिच्यापुढे काही ठेवायला नको?

हे तबक माझ्या आईचं. मग तिला ती गोष्ट सांगितली, तिने शंभरदा ऐकली आहे तरी. अरिस्तीदिसच्या घरचे आमच्याकडे आले तेव्हा कोणी कशाचं नाव काढलं नव्हतं, नुसते बसले होते, हवा कशी आहे वगैरे. आईने आतून हे तबक आणलं आणि माझ्या हातात दिलं. बस. मुलाच्या माणसांपुढे मुलीच्या हातात तबक दिलं की सगळं बोलून झालं. मी गेले ती थेट सासूच्या मांडीवर चेरीचा रस सांडला. मरेपर्यंत ती तो झगा दाखवत होती सगळ्यांना.

"आता असं कोणी करत नाही ना?" दानाईने विचारलं.

"आता फोनवर करतात."

"आणि तबक दिलंच नाही तर?"

"तर पाहुणे पाणी पिऊन उठतात. त्यातही सगळं बोलून होतं."

तिने तबक टॉवेलात गुंडाळून स्वतःच्या बॅगेत ठेवलं. माझी बॅग जड झाली होती म्हणून.

४ ऑगस्ट

घरीच आहोत. काय लिहू.

सकाळी बंदरावर गेलो, टोपी, बॅगा, सगळं. मेल्तेमी वारा असा की टोपी दोनदा पळाली, दुसऱ्यांदा एका पोलिसाने पकडली. बंदरखात्याने सगळ्या बोटी बांधून ठेवलेल्या. आज एकही सुटणार नाही, उद्याचं उद्या.

आणि तिथेच, बॅगेवर बसल्या बसल्या, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे मी केलं. मी संत निकोलासाला सांगितलं ना, ही बोट सोडू नकोस. त्याने नाही सोडली. संत निकोलासा, ही बोट नव्हे रे बाबा. सप्टेंबरची. ती विमान आहे, फक्त मला विमान मिळालं नव्हतं.

दानाईला सांगता येईना. ती माझ्याहून जास्त कोमेजली होती. सारखी फोनवर. सिमोसने सकाळपासून किती फोन केले असतील. माझ्याशीही बोलला, "आजी, उद्या नक्की या. काही झालं तरी सहा तारखेच्या आत या." एवढी काळजी कोण करतं गिऱ्हाईकाची? मी एव्दोक्सियाला म्हटलं, पुढच्या वर्षी तुला जायचं असेल तर हाच माणूस. ती माझ्याकडे बघत राहिली. "सोतिरिया," म्हणाली, "तू खरंच अशी आहेस की करतेस?" फरश्यांपासून तिचं डोकं जरा फिरलंच आहे.

दुपारी देवळात गेले. पत्र्याची बोट खुंटीवरून काढून उलट्या बाजूला तोंड करून टांगली. आता तरी समजेल त्याला.

५ ऑगस्ट

वारा पडला. संत निकोलास समजूतदार आहे.

आलो. बोटीत ओकले नाही. डेकवर उभी राहून मी आमची गॅलरी बघितली, वाळत घातलेली निळी चादर ओळखली. इतकी वर्षं मी तिकडून इकडे बघत होते. इकडून ती केवढीशी दिसते.

खोली पांढरी, खिडकी समुद्रावर, गादीखाली फळी. ओट्यावर मातीच्या भांड्यात तुळस, आणि झाकलेली भाकर. माणूस भेटला नाही, सिमोस म्हणे भट्टीवर आहे. दानाईने दिव्याचं बटण न शोधता लावलं. ते कपाटामागे आहे. मी तर संध्याकाळपर्यंत शोधत होते.

६ ऑगस्ट, सकाळी

आज माझा दिवस. देवळात जाऊन आलो, प्रसादाची द्राक्षं खाल्ली. खाली जाऊन पाण्यात पाय बुडवले, घोट्यापर्यंत. पुढे जायचं धाडस झालं नाही, कोणाबरोबर तरी जायला हवं, आणि दानाई आज कुठल्या कुठे बघते.

एव्दोक्सियाचा फोन. द्रापेत्सोनात नऊपासून माणसं येतायत. ती माझ्या खुर्चीत बसून सगळ्यांना बेटाची गोष्ट सांगते आहे, मी अजून काही केलेलं नाही ते ते सगळं मी केलं म्हणून. पाद्रीबाबांनी मुरांबा दोनदा घेतला.

इथे मी तबक पुसून तयार ठेवलं आहे. दार उघडं आहे. एक मांजर आलं होतं. काळे डोळे, चांगलं होतं.

७ ऑगस्ट

काल रात्री लिहायला झालं नाही. आता सगळं नीट सांगते.

संध्याकाळी ऊन उतरलं आणि पायऱ्यांवर पावलं वाजली. पुढे एक बाई, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, दोन्ही हातांत मातीचं भांडं. मागे एक गृहस्थ, कडक इस्त्रीचा सदरा, मान आखडलेली. त्याच्या मागे एक उंच मुलगा, कानामागे माती.

"उदंड वर्षं लाभोत, आजी," मुलगा म्हणाला.

तो जड, सावकाश आवाज. "अगबाई, बुकिंगवाला," मी म्हटलं.

आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, काय पण माणूस, गिऱ्हाईकाचा दिवस म्हणून आईवडिलांना घेऊन आला. मी त्यांना बसवलं. बाईचं नाव मार्गारिता. तिने भांडं ओट्यावर ठेवलं, काबुली चणे, भट्टीत रात्रभर ठेवलेले. म्हणाली, "परवा तुमच्यासाठी लावले होते, तुम्ही आलाच नाहीत, ते शेजाऱ्यांनी खाल्ले. हे दुसरे." मग म्हणाली, "आमचं ते वाकडं भांडं वापरता की नाही?"

"कुठलं वाकडं?"

"दानाईने केलेलं. पहिलंच तिचं. झाकण बसेना म्हणून रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, ने तुझ्या आजीला, आजीला चालतं."

मी दानाईकडे बघितलं. दानाई तिच्या नखांकडे बघत होती. सिमोस दानाईकडे. आणि मग एकामागून एक सगळं माझ्या डोक्यात शिरलं, झाऊची झाडं, सोललेलं नाक, चारदा करपलेले मसूर, कपाटामागचं बटण. आणि सहा तारीख. नावाच्या दिवशी आमंत्रण लागत नाही. चादरी दाखवायला वेळ मिळत नाही. कोणी काही न ठरवता येऊ शकतं, आणि आवडलं नाही तर पाणी पिऊन जाऊ शकतं. हे माझ्या नातीने काढलं डोक्यातून. नकाशे उगीच नाही काढत.

पण कोणी हसत नव्हतं. मार्गारिताने रुमालाची घडी घातली. ती म्हणाली, "आम्ही नुसते शुभेच्छा द्यायला आलोय हं, बाई. बाकी काही नाही. पोरगी सप्टेंबरात चालली हे ठाऊक आहे. जवळच्या सीरोस बेटाच्या गोदीतही तिला घेत होते, मे महिन्यापासून वाट बघतायत, पण ती म्हणते, माझ्या आजीने हॉलंडचा फार आनंद मानलाय, तिला कसं सांगू. खरं आहे. आजीचं मन मोडू नये."

तिचा नवरा हवेबद्दल बोलायला लागला. मेल्तेमी यंदा लवकर आला, म्हणाला.

मी उठले. गुडघा वाजला, तो सगळ्यांना ऐकू आला. आत गेले, पेल्यांत पाणी ओतलं, वाट्यांत चेरी काढल्या. दोन चेरी टेबलावर पडल्या, त्या मी खाल्ल्या. तबक उचललं, बाहेर आले, आणि दानाईसमोर धरलं.

"घे," मी म्हटलं.

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तबकाची दुसरी बाजू तिने धरली, पण घेतलं नाही. "आजी, आणि हॉलंड? तू एवढी खूश होतीस."

"ईस्टरपासून हॉलंडबद्दल मी जे जे बोलले ते सगळं खोटं. ट्यूलिप मला आवडतसुद्धा नाहीत. तुला जायचं असेल तर जा, पण माझ्यासाठी जाऊ नकोस. आता धर, माझा हात दुखतो, आणि पाहुण्यांच्या घशाला कोरड पडली आहे."

"मी तुझ्यासाठी चालले होते," ती म्हणाली.

"मग आपण दोघी गाढवं. धर."

तिने धरलं. आधी मुलाच्या आईपुढे न्यायचं असतं. ती सरळ सिमोससमोर जाऊन उभी राहिली. त्याचे वडील आखडलेली मान सोडून जे हसायला लागले ते खोकेपर्यंत. मार्गारिता डोळे पुसत म्हणाली, "मी बसते हं इथे, घाई नाही." मग दानाई तिच्याकडे वळली आणि पुरी वाटी तिच्या पांढऱ्या स्कर्टवर.

मी म्हटलं, "तो स्कर्ट जपून ठेवा."

रात्रीचं जेवण मासे आणि चणे. आज सकाळी दानाईने रॉटरडॅमला फोन करून सांगितलं, येत नाही. मग सीरोसला केला. बोलताना ती ओट्यावर मांडी घालून बसली होती, लहानपणी बसायची तशी. सीरोसची बोट मी भोंग्यावरून ओळखते. गॅलरीत बसून कळेल मला, पोरगी निघाली, पोरगी पोचली.

एव्दोक्सियाला कळवलं. तिने विचारलं, "आत्ता कळलं तुला?"

८ ऑगस्ट

बोट संध्याकाळची आहे. सकाळी मार्गारिता मला न्यायला आली, तिचीही टोपी गवताची. झाऊच्या चौथ्या झाडाखाली कपडे ठेवले आणि हाताला धरून तिने मला आत नेलं. घोटे, गुडघे, पोट. पोटाशी मी थांबले, मरियममातेचं नाव घेतलं, मग गळ्यापर्यंत. काय सांगू वही, अंगाला वजनच राहत नाही. एवढी वर्षं हे पाणी माझ्या खिडकीखाली होतं.

मग आम्ही उभ्या राहिलो आणि बोलायला लागलो. ती म्हणे लग्न इथे, खडकावरच्या देवळात. मी म्हटलं, द्रापेत्सोनात, संत निकोलासाला मी दानाईएवढ्या मेणबत्तीचा शब्द दिला आहे, आणि त्याने काम केलं, जरा आडवळणाने केलं पण केलं. ती म्हणे आमच्याकडे माणसं फार. मी म्हटलं आमच्याकडे एव्दोक्सिया आहे. वाळूवरून दानाई आणि सिमोस हाका मारत होते, जेवायला चला. आम्ही ऐकलं नाही. ती जरा मागे सरली, मी जरा मागे सरले, एकदा दोघींच्या नाकात पाणी गेलं. शेवटी तिने माझा हात पाण्यातून वर काढला आणि म्हणाली, "बोटं बघा तुमची, पार मनुका झाल्या. चला आता, विहीणबाई."

मला कोणी तसं म्हणायची ही पहिलीच वेळ. वासोच्या लग्नात सगळे जर्मन होते.

काय ठरलं, कुठे आणि कधी, ते मला तोंडपाठ आहे. पण इथे लिहीत नाही. समुद्राच्या हवेने मण्याचा गोंद सुटला आहे, आणि ते मांजर सकाळपासून माझ्याकडे बघतंय.